गिटारला भोक पाडू नका, दाजी

नफ्ताली ओगोला आठवडाभर सायकली दुरुस्त करायचा आणि शनिवारी दुपारी दोनपासून गिटार वाजवायचा. या दोन कामांत त्याला स्वतःला फारसा फरक वाटत नसे. दोन्हीकडे तारा असतात, जास्त ताणल्या की तुटतात, कमी ताणल्या की डुगडुगतात, आणि दोन्हीकडे गिऱ्हाईक घाईत असतं. अहेरोच्या चौकात, किसुमूहून येणारा रस्ता फुटतो तिथे, आंब्याखाली त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पेटी, एक पंप, पाण्याची परात आणि एक बाकडं. बाकड्यावर गिऱ्हाइकं कमी आणि सल्लागार जास्त. मी स्वतः सल्लागारांपैकीच. माझ्याकडे सायकल नव्हतीच.

ओगोला बोलण्याच्या बाबतीत फार काटकसरी माणूस. "पंक्चर आहे का हो?" असं विचारलं, तर तो उत्तर द्यायचा नाही. ट्यूब परातीत बुडवून बुडबुडा दाखवायचा. लग्न ठरवायला गेला तेव्हा सासऱ्यासमोर दोन तास बसून तो एकच वाक्य बोलला असं सांगतात, आणि ते वाक्यसुद्धा "पाणी हवंय" असं होतं. तरीही अपोंडी त्याला मिळाली, कारण तिच्या धाकट्या भावाने त्याची गिटार ऐकली होती.

तो धाकटा भाऊ म्हणजे हेझरॉन ओचुओधो, 'अहेरो सनशाइन जॅझ' या बँडचा गवई, मालक, खजिनदार आणि सगळ्यात मोठा चाहता. जॅझशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, पण १९७९ साली बँडच्या नावात जॅझ नसेल तर लोक त्याला चर्चची भजनी मंडळी समजायचे. ते वाजवायचे बेंगा, आमच्याकडचं नाचाचं गाणं. म्हणजे गवई एक ओळ म्हणतो, गिटार तीच ओळ त्याच्या मागून किंचित वेडावत म्हणते, आणि शेवटी गवयाला बाजूला सारून एकटीच धावत सुटते. ओगोलाचा मामा न्यातिती वाजवायचा, आठ तारांची आमची जुनी वीणा. मामाच्या तारा जशा टकटक बोलायच्या तशाच ओगोलाच्या बोटांतून निघायच्या. एकेक सूर भाजलेल्या शेंगदाण्यासारखा फुटायचा आणि संपायचा. पुढच्याला जागा करून द्यायचा.

ओचुओधोचं सगळंच उलटं. आवाज तुपात परतलेला, शब्दही तसेच. तो ओगोलाला चारचौघांत "आमचे दाजी" म्हणायचा, त्याच्या खांद्यावर हात टाकायचा आणि गाण्याच्या तबकड्यांवर मात्र गीत, चाल आणि गायन या तिन्हींपुढे स्वतःचं नाव छापायचा. ओगोलाला त्याचं काही वाटत नसे. "चाल कुणाची?" असं कुणी बाकड्यावर विचारलं की तो पंपाला तेल घालायला लागायचा.

आणखी एक सांगितलं पाहिजे, म्हणजे पाक्रुओक. नाच रंगात आला की कुणीतरी उठतो, ढोलावर नाणं टाकतो आणि गाणं अडवतो. गवई गप्प होतो. वाजवणारे मात्र हळू आवाजात तोच तुकडा घोळवत राहतात, आणि त्यावर तो माणूस माइकमधून स्वतःची स्तुती करतो. मी अमक्याचा मुलगा, तमकीचा नवरा, मी तो ज्याच्या गाईला जुळं झालं, मी तो ज्याला बघून सरकारी अधिकारी, डीओ साहेबसुद्धा खुर्ची सोडतो! खरं-खोटं कुणी तपासत नाही, पण राखून कुणी बोलत नाही. नियम एकच: स्तुती संपेपर्यंत वाजवणाऱ्याने थांबायचं नाही. एकदा एक मास्तर स्तुती करता करताच आडवे झाले. ओगोलाने ते उठेपर्यंत तुकडा घोळवला. पाऊण तास.

त्या वर्षी जूनमध्ये नैरोबीच्या बसमधून ओचुओधो उतरला तो चादरीत गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून. सरळ आंब्याखाली आला.

"दाजी, हात पुसा."

ओगोलाने हात पुसले.

"डोळे मिटा."

ओगोलाने एकच मिटला.

चादर सुटली. आत गिटार होती. विजेवरची, नवी, पिकलेल्या मिरचीसारखी लालभडक, आणि इतकी चकचकीत की बाकड्यावरच्या शिंप्याने तिच्यात बघून दात कोरून घेतले.

"कुणाची?" ओगोलाने विचारलं.

"कुणाची म्हणजे? ज्याच्या हातात आहे त्याची! बावीस वर्षं माझ्या मागे उभे आहात, दाजी. मेहुण्याने एवढंही करू नये?"

ओगोला हसला. आम्ही सगळ्यांनी बघितलं. त्याची बायको दळणाची टोपली घेऊन तिथून चालली होती, तिनेही बघितलं आणि थबकली. मग टोपली सावरून घाईघाईने निघून गेली. शिंपी म्हणाला, "वहिनी लाजल्या."

जुनी गिटार ओचुओधोने दुसऱ्याच दिवशी कातितोच्या चर्चला देऊन टाकली. "देवाचं देवाला," तो म्हणाला. त्या गिटारची तारा पेलणारी घोडी ओगोलाने ॲल्युमिनियमच्या पातेल्याच्या काठाची केली होती, खुंट्या सायकलच्या नटांच्या होत्या. ती चर्चला गेली हे बरं झालं, असं सगळे म्हणाले. फक्त चर्चवाले म्हणाले नाहीत.

शनिवारी मामा रोडाच्या (आमच्याकडे आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात) हॉटेलच्या अंगणात नवी गिटार पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहिली. जनरेटर सुरू झाला, ओचुओधोने पहिली ओळ गायली आणि ओगोलाने तिला उत्तर दिलं.

सूर निघाला आणि गेलाच नाही. नव्या गिटारच्या सुरांना निघायची घाईच नव्हती. पहिला अजून बसलेला असताना दुसरा यायचा, तोही बसायचा, मग तिसरा, चौथा, आणि थोड्या वेळात चौदा माणसांच्या मटाटू गाडीत तेवीस जण कोंबल्यासारखं झालं. कोणाचा हात, कोणाचा पाय, काही कळेना. नाचणाऱ्या बायका गोंधळून एकमेकींच्या पायावर पाय द्यायला लागल्या.

"ओगोला, गिटार आहे की चर्चची घंटा?" मागून कुणीतरी ओरडलं.

"पेज झाली रे सगळ्याची! चमचा द्या!"

गिटारला खाली एक वाकडा लोखंडी दांडा होता. ओकेच नावाचा ढोलवाला वाकून म्हणाला, "हा ब्रेक असणार. दाब, म्हणजे थांबेल."

ओगोलाने दाबला. सगळे सूर एकदम घसरले, दारुडा बांधावरून भातखाचरात घसरतो तसे, आणि दांडा सोडल्यावर अर्धेच वर आले. मामा रोडाच्या हातून तळलेल्या माशांचं ताट पडलं. ओचुओधो मात्र खूश. "हाच नव्या काळाचा आवाज!" तो माइकमधून म्हणाला.

सोमवारी आंब्याखाली परिषद भरली. ओगोलाने पेटीवर गोणपाट अंथरून गिटार पालथी ठेवली होती आणि मागचं झाकण उघडलं होतं. आत पाच स्प्रिंगा होत्या.

"स्प्रिंगा कशाला? ती काय सायकलचं सीट आहे?" शिंपी म्हणाला.

"दांडा दाबला की या ताणतात," ओगोला म्हणाला. तो सलग बोलतोय हे बघून आम्ही सगळे सरसावून बसलो. "दांडा नकोच. स्प्रिंगांच्या मागे लाकडाचा गुटका ठोकायचा. बाभळीचा. म्हणजे तारा हलणार नाहीत. घोडीपाशी तारांखाली ट्यूबची पट्टी. म्हणजे सूर लांबणार नाही. तिसरी तार जाड आहे, तिथे बारीक. आणि इथे दोन भोकं पाडून नटबोल्टने जुन्यासारखी घोडी."

आयुष्यात तो एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. मग त्याने हातड्रिल उचललं.

"भोक पाडू नका! गिटारला भोक पाडू नका, दाजी!"

ओचुओधो रस्ता ओलांडून पळत येत होता. त्याच्या एका पायात चप्पल नव्हती.

"का?" ओगोला.

"का म्हणजे? नवी आहे! रंग उडेल!"

"माझीच आहे ना?"

"तुमचीच हो! तुमची नाही तर कुणाची? पण अशी, म्हणजे आहे तशी राहू द्या. तुमची बोटं सवय करून घेतील की."

"वर्षभर पेज वाजवू?"

"वर्षभर कुठे—" ओचुओधो म्हणाला आणि जीभ चावून थांबला. मग घाईने हसला. "वर्षभर कुठे लागतंय तुमच्यासारख्याला! महिन्यात होईल."

शेवटी तडजोड झाली. भोक नाही, गुटका नाही. दांडा आटे फिरवून काढता येत होता, तो काढला. आणि ट्यूबची पट्टी, कारण ती परत ओढून काढता येते. "खूण राहणार नाही ना?" ओचुओधोने तीनदा विचारलं. तो गेल्यावर ओगोला गिटार चादरीत गुंडाळत म्हणाला, "माझ्यापेक्षा मेहुण्यांचाच जीव जास्त आहे हिच्यावर."

आम्हालाही तसंच वाटलं. बाकडं भरून हुशार माणसं बसली होती, आणि एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

दुसऱ्या शनिवारी बाजार होता. भातकापणी संपलेली, अंगण भरलेलं. ओगोला दुपारपासून पट्टी मागेपुढे सरकवत बसला होता. केसाएवढी पुढे, केसाएवढी मागे. अडीच वाजता त्याला ती जागा सापडली. पहिलाच सूर फुटला, टक्, आणि जागेवर संपला. दुसरा, तिसरा. मामा रोडाने हातातलं ताट आधी टेबलावर ठेवलं आणि मग ती नाचायला लागली. जुन्या गिटारमध्ये होतं ते सगळं यात होतं, आणि वर एक धार होती. ओगोला डोळे मिटून, खालचा ओठ पुढे काढून वाजवत होता, आणि मी शपथेवर सांगतो, तो गात होता. आवाज येत नव्हता, पण ओठ हलत होते.

तेवढ्यात ढोलावर नाणं वाजलं.

ओजुका उठला होता. ओजुकाच्या उसाच्या तीन लॉऱ्या होत्या, आणि पोट असं की तीही चौथी लॉरीच. ओचुओधोने गाणं थांबवलं आणि माइक त्याच्या हातात दिला. देता देता त्याने ओजुकाच्या कानात काहीतरी सांगायचा प्रयत्नही केला. पण पाक्रुओकला उभ्या राहिलेल्या माणसाच्या कानात काही जात नसतं. त्याचं फक्त तोंड चालतं.

ओगोलाने तुकडा खाली आणला आणि मऊ आवाजात घोळवायला लागला.

"मी ओजुका! न्यांडो नदीचा ओजुका! मी तो, ज्याच्या लॉरीचा हॉर्न ऐकून मुहोरोनीतला ऊस आपण होऊन आडवा होतो!"

"खरंय, खरंय!" लोक ओरडले.

"मी तो, ज्याने शनिवारसाठी या बँडला लॉरी दिली! आता ही पोरं किसीपर्यंत जातील, मिगोरीपर्यंत जातील! आणि मी तो, ज्याने ही लाल गिटार नैरोबीहून आणवली! कुणासाठी? माझ्या भावाच्या मुलासाठी, क्रिस्पिनसाठी! क्रिस्पिन किसुमूचं पॉलिटेक्निक संपवून पुढच्या महिन्यात येतोय, आणि अहेरो सनशाइन जॅझचा पहिला गिटारवाला होतोय! ओचुओधोने मला शब्द दिलाय!"

कुणी "खरंय" म्हणालं नाही.

ओजुकाला वाटलं, लोक भारावले. तो आणखी फुलला. "आणि मी तो, ज्याला यंत्राची अक्कल आहे! नवी लॉरी मी आधी जुन्या ड्रायव्हरकडे देतो, महिनाभर, इंजिन रुळेपर्यंत. मी ओचुओधोला म्हटलं, तोवर वाजवू दे म्हाताऱ्याला. बघा, रुळली की नाही? ऐका, कशी चालतेय!"

आम्ही सगळे ओगोलाच्या हातांकडे बघत होतो. नियमाप्रमाणे त्याला थांबता येत नव्हतं. डावा हात वर-खाली जात होता, उजव्या हाताचा अंगठा आणि बोट तारांवर टिपत होते, टक्, टक्, टक्. एकही सूर चुकला नाही. चुकला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं. ओजुकाने मग स्वतःच्या आजोबांपर्यंत सगळ्यांची नावं घेतली, तिन्ही बायकांच्या माहेरची गावं सांगितली, आणि तेवढा सगळा वेळ ओगोला स्वतःच्या हाताने त्याच्या स्तुतीखाली तो तुकडा अंथरत राहिला. ओठ आता हलत नव्हते.

गाणं पूर्ण झालं. ओगोलाने ते पूर्ण केलं. मग त्याने गिटार गळ्यातून काढली, खुर्चीवर आडवी ठेवली आणि अंगणाच्या मागे, जनरेटरपाशी जाऊन उभा राहिला. ओचुओधो धावत आला. मीही गेलो. मला तिकडे काही काम नव्हतं.

"दाजी, मी सांगणारच होतो."

ओगोला बोटं शर्टाला पुसत राहिला.

"लॉरीशिवाय बँड अहेरोतच सडणार, दाजी! तुम्हीच सांगा, मी काय करू? तुम्हाला काढत नाही मी. तुम्ही दुसरी गिटार वाजवा की! मागची. सोपी आहे. नाहीतर तुम्ही त्याला शिकवा. त्याला तुमच्या चाली बसवून द्या, तुमच्याशिवाय कुणाला येतात त्या? गुरुजी म्हणतील लोक तुम्हाला!"

"तुम्ही म्हणालात, ज्याच्या हातात त्याची."

"हो, मग तेव्हा तुमच्याच हातात होती ना!" ओचुओधो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण तुपात परतलेला आवाज एकदम कोरडा पडला.

ओगोला घरी चालत गेला. सायकल असून, हातात धरून.

घरी काय झालं ते अपोंडीनेच पुढे माझ्या बायकोला सांगितलं, म्हणून मला माहीत. तो आला तेव्हा ती अंगणात भात पाखडत होती. सायकल हातात धरून येणारा नवरा बघून तिने सूप खाली ठेवलं.

"कुणी सांगितलं?" ती म्हणाली.

म्हणजे तिलाही माहीत होतं. ओगोलाने सायकल भिंतीला टेकवली. ती घसरून पडली. त्याने परत टेकवली.

"कधीपासून?"

"बस यायच्या आधीपासून. हेझरॉनने मला शपथ घातली होती."

"आणि तू घेतलीस."

"भाऊ माझा, नवरा माझा. कुणासाठी तोंड उघडू आणि कुणासाठी मिटू, पामेलाचे बाबा? त्या दिवशी सांगायलाच निघाले होते मी चौकात. पण तुम्ही चादर सोडलीत आणि हसलात. एकोणीस वर्षं झाली लग्नाला, तुमचे इतके दात मी कधी बघितले नव्हते. म्हटलं, अजून एक दिवस बघू दे. मग अजून एक."

ओगोला म्हणाला, "पंधरा दिवस सगळं गाव माझे दात बघत होतं," आणि आत गेला. तिने माझ्या बायकोला सांगितलं की तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला उलटून ओरडता तरी येतं.

रविवारी दुपारी चर्च सुटल्यावर ओचुओधो ओगोलाच्या दारात आला. मागे एक उंच, सडपातळ मुलगा, काखेत चादरीची गुंडाळी. क्रिस्पिनला महिनाभर थांबवलं नव्हतं. मलाही ओचुओधोने बोलावून आणलं होतं, साक्षीला. बायकोचा भाऊ दारात आला की त्याला आत घ्यावंच लागतं, आणि आत घेतलं की कोंबडी कापावीच लागते. ओचुओधोने हाच हिशेब केला होता, असं मला वाटतं. जेवायला बसलेल्या मेहुण्याला कोणी नाही म्हणत नाही.

"गिटार बाहेर ठेव," ओगोला क्रिस्पिनला म्हणाला. "इथे जेवतात."

मग त्याने स्वतः कोंबडा पकडला. चांगला निवडून, सगळ्यात जाड. स्वतः आमच्या हातांवर पाणी घातलं, आधी ओचुओधोच्या, मग माझ्या, मग त्या मुलाच्या. अपोंडीने मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणली, रस्सा आणला, आणि कोणाच्याही तोंडाकडे न बघता मागे भिंतीशी बसली.

मुलगा वाईट नव्हता, हीच पंचाईत. त्याने दोन घास कसेबसे गिळले आणि म्हणाला, "काका, तुमच्या सगळ्या तबकड्या आहेत माझ्याकडे. सुई लागून झिजल्यात. त्या धावत्या तुकड्यात तुमचा अंगठा कुठे असतो, ते मला तीन वर्षं कळलेलं नाही."

ओगोलाने त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. त्याचा उजवा अंगठा उगालीच्या गोळ्यात खळगा करता करता थांबला. मला वाटलं, आता सांगतोय. ओचुओधोलाही वाटलं, कारण तो लगेच पुढे सरकला.

"बघा दाजी, पोराला किती ओढ आहे! आपलीच विद्या, आपल्याच गावात राहील. उद्यापासून संध्याकाळी येऊ दे? की परवापासून?"

"तबकडीवर नाव कुणाचं आहे?" ओगोलाने मुलाला विचारलं.

"ओचुओधोकाकांचं."

"मग त्यांना विचार, त्यांचा अंगठा कुठे असतो."

मुलाची मान खाली गेली. ओचुओधो हसला, मग हसायचं थांबला. "दाजी, तुम्ही रागावलात. मी तुमचा मेहुणा आहे."

"आहात," ओगोला म्हणाला. "म्हणून कोंबडा कापला. या घरात तुम्हाला आज कोंबडा मिळेल, दहा वर्षांनी याल तरी मिळेल. तुम्ही अपोंडीचे भाऊ आहात, त्यात काही बदलणार नाही. बोटं मागू नका. ती तुम्हाला मिळणार नाहीत, या मुलालाही नाहीत, आणि मागच्या गिटारवर तर मुळीच नाहीत."

भिंतीशी अपोंडीने ओंजळीत तोंड लपवलं. ओचुओधोने माझ्याकडे बघितलं. साक्षीदार म्हणून मी रश्श्यात काहीतरी शोधत होतो.

"मग शनिवारी?" ओचुओधो पुटपुटला. "किसीला जायचंय, दाजी. लोकांना मी काय सांगू?"

ओगोलाने हात लांब करून भांड्यातला सगळ्यात मोठा तुकडा उचलला आणि त्याच्या ताटात ठेवला. वर रस्सा घातला. सासुरवाडीच्या माणसाला वाढायचं तसं, हात भांड्याच्या काठाला लागू न देता, अदबीने.

"जेवा," तो म्हणाला.

बहिणीच्या घरी ताटात पडलेलं टाकून उठता येत नाही. ओचुओधो मान खाली घालून खात राहिला. ताटातलं संपलं की ओगोला पुन्हा वाढायचा.